मिठाच्या डब्यातला काटा

काटा त्र्याऐंशीवर थांबला होता. तिथे तो थांबायला नको होता.

काचेच्या डब्याच्या तळाशी एका बशीत ओलं मीठ होतं. साधंच, स्वयंपाकघरातलं, चमचाभर पाणी घालून चिखलासारखं केलेलं. अशा मिठावर कोंडलेली हवा फार इमानी असते. बाहेर धुकं असो नाहीतर कडकडीत ऊन, डब्यातला दमटपणा शंभरात पंच्याहत्तरावर येऊन बसतो आणि तिथून हलत नाही. म्हणून आर्द्रता मोजणारं कुठलंही यंत्र खरं बोलतं की खोटं हे बघायचं असलं, की वहिनी त्याला या डब्यात मुक्कामाला ठेवायची. खरं यंत्र सकाळी पंच्याहत्तर दाखवायचं. या यंत्राने आठ जादा दाखवले होते.

तिने काचेवर टिचकी मारली. काटा थरथरला आणि परत त्र्याऐंशीवर जाऊन बसला, घरजावयासारखा ऐसपैस.

वहिनी हे काही तिचं नाव नव्हे, पण आता तेच झालं होतं. नणंद वहिनी म्हणायची, म्हणून शेजारीपाजारी म्हणायचे, दूधवाला म्हणायचा. वेधशाळेतून निवृत्त झाल्यावर तिने घराच्या पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीशी टेबल टाकून हवामानाची जुनी यंत्रं दुरुस्त करायला सुरुवात केली होती. नवराही त्याच वेधशाळेतला. हवेत फुगे सोडून वरच्या थरांचा ठाव घेणं हे त्याचं काम. तो जाऊन बरीच वर्षं झाली. घरात उरल्या दोघी, ती आणि नवऱ्याची धाकटी बहीण. बहिणीला तो बारकी म्हणायचा. बारकीने पन्नाशी ओलांडली, अंगानेही ती चांगली भरली, पण भावाने ठेवलेलं नाव काही सुटलं नाही.

यंत्र व्हायोलिनवाल्याचं होतं. हीच तर पंचाईत होती.

व्हायोलिनवाला म्हणजे दोन गल्ल्या सोडून ज्याचा कारखाना होता तो. कारखाना म्हणायचा तोच. खरं तर एक लांबट खोली, तिच्यात तो एकटा आणि भिंतीला टांगलेली लाकडं. व्हायोलिनच्या लाकडाला हवा जपावी लागते. फार दमट झाली तर लाकूड फुगतं, फार कोरडी झाली तर आक्रसून फुटतं. म्हणून त्याच्या भिंतीवर आर्द्रता दाखवणारं एक जुनं पितळी यंत्र होतं, आणि त्या यंत्राचा जीव होता माणसाच्या केसात. दमट हवेत केस किंचित लांबतो, कोरड्या हवेत आखडतो. त्या एवढ्याशा लांबण्याआखडण्यावर काटा फिरतो. केसांची जुडी जुनी झाली की बदलावी लागते.

केस यायचे बारकीचे. ही वहिनीच्या घराची जुनी रीत. तिचे केस लांब, मऊ, पिंगट आणि इतके बारीक की हवा बदलली की लगेच त्यांना कळायचं. सकाळी विंचरून झालं की ती फणीतले लांब केस काढून गोळ्यांच्या एका रिकाम्या पत्र्याच्या डबीत टाकायची. भाऊ होता तेव्हापासून हे चाललेलं. वेधशाळेतली निम्मी यंत्रं बारकीच्या डोक्यावर चालतात, असं तो सगळ्यांना सांगत सुटायचा.

व्हायोलिनवाला पहिल्यांदा आला तेव्हा वहिनी बाजारात गेली होती. दार बारकीने उघडलं. यंत्र ठेवून घ्यायला दोन मिनिटं पुरली असती. वहिनी भाजी घेऊन परतली तरी तो उंबऱ्यातच उभा आणि बारकी हसतेय. मग तो यंत्र न्यायला आला. मग ते नीट चाललंय हे सांगायला आला. मग एक दिवस चहाचा कप हातात धरून, लाकडाचा भाव विचारावा तशा आवाजात म्हणाला, "तुमची हरकत नसेल तर आपण लग्न करावं, असं मला वाटतं."

बारकीला ठसका लागला. वहिनीने पाठ थोपटली. ठसका ओसरल्यावर बारकी म्हणाली, "बघू."

हे झालं उन्हाळ्यात. आता थंडी पडली होती, आणि अजून बघूच चाललं होतं. तो विचारायचा नाही, ती बोलायची नाही. वहिनीही गप्प. आपण 'कर' म्हटलं तर बारकीला वाटेल की हिला मी जड झाले. 'नको' म्हणायची तर प्राण गेला तरी तयारी नव्हती. तेव्हा तिने ठरवलं की हा बारकीचा प्रश्न आहे, आणि आपण मीठ कालवावं.

काल व्हायोलिनवाला यंत्र घेऊन आला, तो नेहमीसारखा हसला नाही. "वहिनी, हे जरा बघता का?" म्हणाला. हा माणूस पूर्वी तिला बाई म्हणायचा. वहिनी कधीपासून म्हणायला लागला हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. "काटा सारखा वर. मला वाटलं खोली दमट झालीय, म्हणून शेगडी वाढवत गेलो. आणि परवा एका व्हायोलिनच्या वरच्या फळीला तडा गेला. कोरडेपणानेच गेला, ते मला कळतं. पण काटा ऐकेना."

तो रागावला नव्हता, आणि त्याचंच वहिनीला जास्त लागलं.

"वहिनी, चहा गार होतोय!" डब्यासमोर बसलेल्या वहिनीला आतून बारकीची हाक आली. पाठोपाठ ती स्वतः आली, कामावर निघायच्या कपड्यांत, केसांचा घट्ट अंबाडा घातलेली. "काय, बोलला का तुझा साक्षीदार?"

"बोलला. खोटं बोलला."

"मग? मळ असेल."

"मळ नाही. स्क्रू बघितला, तो जागच्या जागी आहे. केसच सैल पडलाय." वहिनीने भिंगातून जुडीकडे बघितलं. पहिली पावसाळ्यात खराब झाली, म्हणून ही दुसरी जुडी तिने पावसाळ्याच्या अखेरीस बसवली होती. तेव्हा मिठाच्या डब्यात काटा बरोबर पंच्याहत्तरावर आला होता. नियमाप्रमाणे कोरड्या डब्यातही तपासायला हवं होतं, आणि आठवड्याने पुन्हा एकदा. पण केस नेहमीचे, घरचे. घरच्या माणसाची कोण झडती घेतं? तिने ते टाळलं होतं, आणि आता तेच टोचत होतं.

"बारके," तिने विचारलं, "तू पोहायला लागलीस का?"

बारकी शहराच्या पोहण्याच्या तलावावर तिकिटं द्यायची. इतक्या वर्षांत तिने तिथल्या पाण्यात पायाचा अंगठाही बुडवला नव्हता.

"या वयात? मी पाण्यात उतरले तर तलाव रिकामा होईल. अर्धं पाणी बाहेर, उरलेली माणसं पळून."

"क्लोरीनने केस बिघडतात, म्हणून विचारलं."

"माझा केस बिघडला?" बारकीचा हात आपोआप अंबाड्याकडे गेला, आणि मग फार घाईने खाली आला. "चल, मला उशीर होतोय," ती म्हणाली, आणि जेवणाचा डबा विसरून निघून गेली.

खिडकीबाहेर धुकं होतं. समोरच्या बेकरीच्या धुराड्यातून निघालेला धूर थोडा वर जायचा आणि मग अंथरूण घातल्यासारखा आडवा पसरायचा. वरच्या बाजूला उबदार हवेचं झाकण बसलं की असंच होतं. खालची थंड हवा जागची हलत नाही, धूर तिथेच कोंडतो. वेधशाळेच्या हिरवळीवर नवऱ्याने तिला हे पहिल्यांदा समजावलं होतं, नवऱ्याच्या नव्हे, सहकाऱ्याच्या नात्याने. "हवेचा एक गोळा मनात धरा. त्याला थोडं वर ढकला आणि सोडा. परत खाली आला तर हवा स्थिर. नाही आला, आपला आपण चढतच राहिला, तर अस्थिर. आणि हवा दमट असली तर मग बघायलाच नको! वर गेला की थंड होतो, थंड झाला की वाफेचं पाणी होतं, पाणी होताना ऊब सुटते, आणि ती ऊब त्याला आणखी वर रेटते." पुढे लग्न झाल्यावर तो म्हणायचा, "तू स्थिर. तुला कितीही ढकलावं, आपल्या जागी परत. आणि आमची बारकी? तिला नुसता धक्का द्या, संध्याकाळपर्यंत गडगडाट."

वहिनीला त्या स्थिरपणाचा अभिमान होता. आज बेकरीचा धूर बघताना मात्र तिला पहिल्यांदा वाटलं, की झाकणालाही आपण स्थिर आहोत असंच वाटत असणार.

तिने डबीतून केसांची नवी बट काढली. बसवण्याआधी केसावरचं तेल काढायला स्पिरिटमध्ये बुडवावं लागतं. त्यासाठी ती नेहमी जाड तपकिरी बाटली वापरायची. आज बाटली सापडेना म्हणून तिने पांढरी बशी घेतली, बट त्यात सोडली आणि गार झालेला चहा प्यायला गेली.

परत आली तेव्हा बशीतलं स्पिरिट फिकट तपकिरी झालं होतं.

वहिनी खुर्चीवर बसली. बशी उजेडात धरली. तिच्या मनात आधी एक साधं, कोरडं वाक्य आलं: केसाला रंग आहे. मग तिला एकेक आठवत गेलं. न्हाणीघराचं दार हल्ली आतून जास्त वेळ बंद असतं. जुना टॉवेल हरवलाय. बारकीच्या कानामागे मधे एक डाग होता, तो तिने शाई म्हणून सांगितला होता. आणि हे सगळं कधीपासून? त्या ठसक्यानंतरपासून.

म्हणजे व्हायोलिनवाला येतो म्हणून बारकीने केस रंगवले. रंगवले म्हणून काटा चुकला. आणि काटा चुकला म्हणून व्हायोलिनवाला पुन्हा आला. वहिनीला एकटीलाच हसू फुटलं. दमट हवेचा गोळा कधीचा वर निघाला होता, आणि इतकी वर्षं हवेचा अभ्यास केलेली बाई खाली बसून म्हणत होती, बघू.

हसू ओसरल्यावर तिला जाणवलं, की बारकी गेली तर सकाळचा चहा एकटीचा. ते तिने नाकारलं नाही. मग तिने कात्री घेतली, आरशासमोर उभी राहिली आणि स्वतःच्या मानेमागची एक लांब बट कापली. तिचे केस जाड, निम्मे पांढरे. हळू चालतील, पण चालतील. ते तिने स्पिरिटमध्ये बुडवले. स्पिरिट स्वच्छ राहिलं. जुडी बसवून, स्क्रू जुळवून तिने यंत्र पुन्हा मिठाच्या डब्यात ठेवलं.

बारकीचा विसरलेला डबा घेऊन ती तलावावर पोचली तेव्हा दुपार झाली होती. आतल्या गरम पाण्याची वाफ काचांवर जमून ओघळत होती. तिकीटखिडकीशी चार-पाच माणसं उभी. बारकी आत, ओलाव्याने एकमेकांना चिकटलेली तिकिटं फुंकून फुंकून सुटी करत होती.

"डबा," वहिनी म्हणाली आणि खिडकीतून आत सरकवला. मग वाकून, "तू केस रंगवतेस?"

"हळू गं! दोन मोठी, एक लहान? ही घ्या. कोणी सांगितलं तुला?"

"स्पिरिटने."

"चुगलखोर मेलं." बारकीचे कान लाल झाले. "हो, रंगवते. सगळं जग रंगवतं. तुझ्या यंत्राला त्याचं काय?"

"रंगाने केस आतून पोकळ होतो. थोडे दिवस शहाण्यासारखा वागतो, मग सैल पडत जातो. काटा वर चढला, त्याने शेगडी वाढवली आणि त्याच्या व्हायोलिनला तडा गेला."

बारकीच्या हातातली तिकिटं तशीच राहिली. "माझ्या केसाने?"

"तुझ्या केसाने आणि माझ्या आळसाने. मी पुन्हा तपासलं नाही."

"आता तो काय म्हणेल?"

"ताई, तिकीट देताय ना?" मागचा एक म्हातारा पोहणारा म्हणाला. त्याने टोपी आधीच डोक्याला घातली होती.

"देते हो काका, पाणी कुठे पळून जातंय!" बारकीने त्याला तिकीट दिलं आणि मान वळवली. "तू त्याला काही सांगू नकोस. मी सांगते."

"सांग. आणि बघूचं काय ते पण सांग."

"ते वेगळं आहे."

"वन्सं," वहिनी म्हणाली. ती रागावली किंवा लाडात आली की असं म्हणायची. आत्ता दोन्ही होतं. "ते एकच आहे. माझ्यासाठी थांबली आहेस का?"

बारकीने गल्ल्याचा खण उघडला, बंद केला. "तू एकटी काय करशील? तुला जेवायची आठवण कोण करणार? एक दिवस बशीतलं मीठच खाऊन बसशील."

"मला एकटीची भीती नाही वाटत, खरंच सांगते. सकाळी तुझी बडबड नसेल एवढंच. मग रेडिओ लावावा लागेल, आणि रेडिओवरचा हवामानाचा अंदाज मला ऐकवत नाही."

"सगळं चुकीचं सांगतात ना?"

"सगळं."

बारकी हसली, आणि हसताहसता तिने डोळे पुसले. काचेवरचं पाणी उडालं असेल म्हणून मागच्या माणसांनी तिकडे लक्ष दिलं नाही. "दोन गल्ल्याच तर आहेत," ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली.

"चालत गेलं तर चहा निवत नाही," वहिनी म्हणाली. "चारला सुटशील ना? मी यंत्र घेऊन तिकडे जातेय."

चारपर्यंत धुकं विरलं होतं. ऊन जमिनीपर्यंत पोचलं, खालची हवा तापली, आणि बेकरीचा धूर आता सरळ उभा चढून वर कुठेतरी नाहीसा होत होता. वहिनी हे बघत बघतच व्हायोलिनवाल्याच्या दारात पोचली.

खोलीत लाकूड चिकटवायच्या सरसाचा आणि रंध्याच्या ताज्या भुशाचा वास होता. खिडकीपाशी लाकडी शिकंज्यात ती फळी आवळलेली होती. तडा बारीक होता, कडेपासून मधल्या छिद्राकडे गेलेला, केसाएवढाच. वहिनीने त्याच्याकडे बघणं टाळलं नाही.

"चूक माझी," ती म्हणाली. "मी पुन्हा तपासायला हवं होतं. आता आठवड्याने येऊन परत बघेन."

"असू द्या हो. लाकूड आहे, फुटतं. आतून एक पातळ पट्टी चिकटवायची. व्हायोलिनच्या आवाजाला काही होत नाही." त्याने यंत्र भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलं. काटा थोडा घुटमळला, मग सावकाश सत्तेचाळीसवर येऊन थांबला. "जरा दमाने चालतो वाटतं आता?"

"केस बदललाय. या खेपेला माझा आहे. जाड आहे, विचार करून बोलतो."

"आणि आधीचा कुणाचा होता?"

वहिनी काही बोलणार तोच दारातून आवाज आला, "माझा."

बारकी धापा टाकत उभी होती. तलावापासून पळत आली असावी. अंबाडा सुटून खांद्यावर आला होता, आणि तिरप्या उन्हात केसांच्या मुळाशी बोटभर पांढरं आणि पुढे सगळं पिंगट स्पष्ट दिसत होतं.

"पहिलाही माझाच होता," ती म्हणाली, "पण तो खरा होता. दुसरा रंगवलेला. तुमचं व्हायोलिन मी फोडलं."

व्हायोलिनवाल्याने भिंतीकडे बघितलं, मग तिच्याकडे. "म्हणजे इतके महिने इथे, माझ्या डोक्यावर, तुमचा केस होता?"

"दोनदा."

"आणि मला कोणी सांगितलं नाही." तो वहिनीकडे वळला. "ती काढलेली जुडी टाकली तर नाही ना?"

"टाकायलाच हवी," बारकी म्हणाली. "खोटं सांगते ती."

"मला तिच्याकडून हवा नाही विचारायची," तो म्हणाला आणि ओशाळून हातातला सरसाचा ब्रश उगाच फडक्याला पुसू लागला. "आणि रंगाचं म्हणाल तर मला ठाऊक होतं. कानामागे डाग होता. आम्ही दिवसभर लाकडाला रंग देतो, आम्हाला कळतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बघू म्हणाला होतात. म्हटलं, बघू दे."

वहिनी खिडकीपाशी सरकली. तिथल्या एका लाकडाच्या तुकड्याकडे ती फार लक्षपूर्वक बघू लागली, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं तरी. सरसाचं भांडं शेगडीवर हळू हळू बुडबुडत होतं.

बारकीने पदराने कपाळ पुसलं आणि श्वास घेतला.

"झालं माझं बघून," ती म्हणाली. "लग्न करू या आपण. सकाळचा चहा मी वहिनीकडेच घेणार, आणि केस रंगवायचं सोडणार नाही, आधीच सांगून ठेवते."